मायराचा खरा अर्थ

बंगळुरात सर्जापूर रोडवर, दोड्डकन्नेल्लीच्या पुढच्या एका सोसायटीत परवा बारशाला गेले होते. पाळणा क्लबहाउसमध्ये टांगला होता, बाजूला घुगऱ्यांचं पातेलं. नगरहून आलेली आत्या बाळाच्या कानाशी वाकली, पाठीवर धपाटे बसले आणि नाव जाहीर झालं : मायरा. मागच्या फ्लेक्सवर अर्थही छापला होता : ‘संस्कृत – प्रिय, लाडकी’.

लेक लाडकी आहेच. पण हा अर्थ खरा नाही, आणि तो खरा नसल्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मायरा हे इंग्रजी नाव एका कवीने घडवलं, असं मानतात. फल्क ग्रेव्हिल (१५५४–१६२८) हा फिलिप सिडनीचा शाळेपासूनचा मित्र. आपल्या ‘सीलिका’ या काव्यमालेत त्याने प्रेयसीला मायरा म्हटलं. कविता छापल्या गेल्या १६३३ मध्ये, तो गेल्यावर पाच वर्षांनी. नावाचा अर्थ काही त्याने सांगून ठेवला नाही. मागाहून लोकांनी तर्क केले : कोणी म्हणतं ‘मेरी’ची इंग्रजी अक्षरं फिरवली, कोणाला त्यात लॅटिनमधला अद्भुत या अर्थाचा शब्द दिसतो, तर कोणाला ‘मिऱ्हा’. मिऱ्हा म्हणजे आपला हिराबोळ.

हे कळल्यावर मी चकित झाले. हिराबोळ म्हणजे अरबस्तान-सोमालियाकडच्या काटेरी झाडाचा वाळलेला चीक, लालसर तपकिरी, जिभेला कडू. आपल्याकडे तो बाळंतिणीला देतात. बाळाच्याच घरात, आळीव आणि डिंकाच्या लाडवांच्या डब्यांशेजारी, आजीने काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेली त्याची पुडी होती!

शेजारची मारवाडी बाई मात्र नाव ऐकून पुन्हा पुन्हा विचारत राहिली. त्यांच्याकडे मायरा म्हणजे भाचरांच्या लग्नात मामाने आणायचा आहेर.

कानडी शेजाऱ्यांना, परदेशातल्या साहेबांना सहज उच्चारता यावं म्हणून आईबापांनी असं नाव निवडलं, तर त्यात गैर काय? नाव गोड आहे. मग त्याला संस्कृतची झूल कशाला? इंटरनेटवरच्या याद्या कुठल्याही नावापुढे ‘संस्कृत’ लिहून मोकळ्या होतात आणि आपण तेच कौतुकाने छापतो. नावाचा अर्थ पोरीला जन्मभर चिकटतो. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये ‘नकोशी’ नावाच्या २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं द्यावी लागली, ती याच कारणाने. अर्थाला इतकं वजन असेल, तर तो पारखूनच लेकीच्या हाती द्यायला हवा.

जेवणं झाल्यावर त्यांच्या घरी मी हे सगळं बाळाच्या आईला सांगितलं. “ताई, मग नाव बदलू का?” तिचा चेहरा पडला होता. कायद्याने जन्मनोंदीत वर्षभर विनाशुल्क नाव घालता येतं, विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. तिच्या लेकीची नोंद अजून बिननावाचीच होती. पण बदलायचं कशाला? मायराच राहू दे, म्हटलं.

आजी आतून पुडी घेऊन आली. एक खडा तिने माझ्या तळहातावर ठेवला, एक सुनेच्या. सुनेने तो हुंगला, मग बाळाच्या अल्बमचं पहिलं पान उघडलं, ‘संस्कृत’वर रेघ ओढली आणि मला विचारलं, “त्या कवीचं नाव कसं लिहायचं?”