यंत्राने लिहावे, पण सही माणसाची हवी



आपल्या कारखान्याची वेबसाईट आता पुष्कळ सभासदांच्या मोबाईलवर उघडते. ऊस नोंदणीच्या तारखा, बेणे वाटप, सभेची नोटीस, सारे तिथे असते. ही वेबसाईट वर्डप्रेस या प्रणालीवर चालते. २००३ साली निघालेली ही प्रणाली फुकट मिळते, आणि ट्रॅक्टरच्या मागे जसा नांगर वा रोटाव्हेटर जोडावा तसे तिला वेगवेगळे प्लगइन जोडता येतात. २०२२ च्या अखेरीस चॅट जीपीटी आल्यापासून मजकूर लिहून देणारे ए.आय. प्लगइनही निघाले. आपणही एक जोडले. त्याविषयी चार शब्द बोलणे मला कर्तव्य वाटते.

गेल्या वर्षी आडसाली लागणीच्या तोंडावर खतांच्या मात्रेचे पान हवे होते. आमच्या कॉम्प्युटरवाल्या पोराने प्लगइनला विषय दिला आणि दोन मिनिटांत पान तयार! भाषा शुद्ध, मांडणी झकास. मी वरवर पाहिले आणि म्हणालो, "टाक." आठवड्याने एक सभासद शेतकी ऑफिसात आले. "साहेब, एकरी ४०० किलो नत्र म्हणजे युरियाची एकोणीस पोती होत्यात. एवढं घालायचं व्हय?" मी विचारले, "कुणी सांगितलं?" त्यांनी मोबाईल पुढे केला. पान आपलेच होते!

आडसालीला ४०० किलो नत्राची शिफारस आहे ती हेक्टरी. एकरी हिशेब १६० किलोचा, म्हणजे युरियाची जेमतेम आठ पोती. को ८६०३२ ला पंचवीस टक्के जादा धरले तरी २०० किलो. यंत्राने आकडा बरोबर उचलला आणि हेक्टरचा एकर केला. जादा नत्राने ऊस लोळतो, पक्वता लांबते, उतारा घसरतो, आणि खिशाला चाट बसते ती वेगळीच. पान त्याच दिवशी काढले, गट ऑफिसांत सूचना लावली. पण ज्यांनी विचारले नाही त्यांतल्या किती जणांनी खत उचलले असेल, हा विचार मला अजून टोचतो. यंत्राकडे बोट दाखवून मी हात झटकणार नाही. पान तपासण्याचे काम माझे होते.

हे यंत्र चालते कसे, ते समजून घेतले पाहिजे. प्लगइन आपला मजकूर इंटरनेटवरून बाहेरच्या कंपनीच्या कॉम्प्युटरकडे धाडते. तिथे कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द शोभेल, या अंदाजाने वाक्ये जुळवली जातात. चूक असली तरी ते ठासून सांगते. आमच्या 'सुरू उसा'चे इंग्रजी त्याने 'चालू झालेला ऊस' असे केले होते!

म्हणून मी ए.आय.चा विरोधक आहे, असे कोणी समजू नये. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसात ए.आय.चा प्रयोग केला, त्यात शेतातले सेन्सर आणि हवामान केंद्र यांची मोजमापे आहेत. आपल्या प्लगइनपुढे ना तुमची माती, ना माती परीक्षणाचा कागद. त्याच्याकडून शुद्धलेखन, अहवालाचा गोषवारा, फोटोखालच्या ओळी एवढी कामे खुशाल घ्यावीत. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये.

माझ्या तीन सूचना आहेत. यंत्राचा मजकूर कच्च्या खर्ड्यातच राहावा. वर्डप्रेसमध्ये लिहिण्याचा अधिकार देऊन प्रसिद्धीचा राखून ठेवता येतो, ती सोय वापरावी. दुसरे, शेती सल्ल्याच्या प्रत्येक पानाखाली तपासणाऱ्याचे नाव व तारीख असावी, आणि मात्रा एकरी की हेक्टरी ते स्पष्ट लिहावे. तिसरे, सभासदांची यादी, बँक खाते, आधार क्रमांक यातले काहीही या यंत्राला देऊ नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे. पण कायदा नसता तरी तुमची माहिती ही आमच्याकडे ठेव आहे.

संचालक मंडळाने याचा विचार करावा. आणि सभासदांनो, पानाखाली नाव दिसले नाही तर खताचे पोते फोडू नका. आधी गट ऑफिसात या, विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी