दुखलं तर बरं!



मधल्या सुट्टीत लंगडी खेळताना आमच्या वर्गातल्या कोणाचा ना कोणाचा गुडघा फुटतोच. मग आयोडीन लावलं की रडारड! एकदा एकाने डोळे पुसत विचारलं, "बाई, देवानं हे दुखणं ठेवलंच नसतं तर?" सगळा वर्ग त्याच्या बाजूचा. मला मात्र एका डॉक्टरांची आठवण झाली. हे डॉक्टर म्हणायचे, माझ्या रोग्यांना एक देणगी देता आली असती, तर मी त्यांना दुखणंच दिलं असतं!

चक्रमच दिसतात, असं वाटलं ना? तर ऐका.

त्यांचं नाव डॉ. पॉल ब्रँड. जन्म 1914 चा, तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला. आईवडील इंग्रज, ख्रिस्ती मिशनरी. वडील मूळचे बांधकामातले, पण थोडं औषधपाणी शिकून आले होते. दात उपटायचे, जखमा धुवायचे. एकदा तीन अनोळखी माणसं डोंगर चढून त्यांच्या दारी आली. त्यांना कुष्ठरोग झालेला होता. (आमच्या आजीच्या वेळी याला महारोग म्हणत.) वडिलांनी हातमोजे घातले, खाली बसले, त्या तिघांचे पाय धुतले, मलम लावून पट्ट्या बांधल्या. आईनं टोपलीतून फळं दिली. पण ती माणसं गेल्यावर ती टोपली जाळून टाकली आणि मुलांना बजावलं की ते बसले होते तिथं जायचं नाही. म्हणजे भीती त्यांनाही वाटत होती, बरं का! भीती वाटूनही त्यांनी पाय धुतले. छोटा पॉल हे सगळं बघत होता.

नवव्या वर्षी तो शिकायला इंग्लंडला गेला. 1929 साली वडील इकडे डोंगरातच तापानं वारले. तार लगेच पोचली. पण वडिलांनी आधी टाकलेली पत्रं बोटीनं यायची होती, ती त्यानंतरही येत राहिली! पुढे पॉल सर्जन झाला. महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते, त्या काळात त्याचं शिक्षण झालं. 1946 साली तो भारतात परतला, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. डॉ. आयडा स्कडर या बाईंनी उभं केलेलं ते प्रसिद्ध इस्पितळ.

दुसऱ्याच वर्षी ते मद्रासजवळ चेंगलपट्टूच्या कुष्ठधामात गेले. तिथं सगळीकडे आखडलेले हात. बोटं वाकडी होऊन पक्ष्याच्या पंजासारखी झालेली. एका रोग्याला ते म्हणाले, "माझा हात दाबून बघ." त्यानं असा दाबला की डॉक्टर कळवळले! ते कळवळले खरे, पण मनात खूशही झाले. म्हणजे या हातात जोर आहे! मग हा हात मेलेला कसा? त्यांनी चौकशी केली, तर कळलं की या वाकड्या हातांचा अभ्यास कोणा हाडांच्या डॉक्टरानं केलेलाच नाही. लाखो रोगी, आणि जवळून बघणारं कोणी नाही.

ब्रँड जवळून बघायला बसले. हा रोग काही ठरावीक नसा बिघडवतो. त्यामुळे काही स्नायू लुळे पडतात, पण बाकीचे चांगले राहतात. मग चांगल्या स्नायूची दोरी (तिला कंडरा म्हणतात) सोडवून लुळ्या बोटाला जोडायची. गिरणीतला एक पट्टा तुटला की दुसऱ्या चाकावरून पट्टा ओढून घेतात ना, तसंच काहीसं. हात उघडायला लागले. माणसं स्वतःच्या हातानं भात खायला लागली.

पण बोटं झडतात का, हे कोडं सुटत नव्हतं. लोक म्हणायचे, मांस कुजतं. एकदा एका कोठीचं गंजलेलं कुलूप डॉक्टरांना उघडेना. दहाएक वर्षांचा एक रोगी मुलगा पुढे झाला आणि किल्ली फिरवून मोकळा! डॉक्टरांना शंका आली. त्यांनी त्याचा हात बघितला, तर बोट हाडापर्यंत कापलेलं, रक्त ठिबकतंय, आणि मुलाला पत्ताच नाही. नसा बिघडल्यामुळे त्याला दुखतच नव्हतं. मग हळूहळू सगळं उलगडलं. कोणी तापलेलं भांडं तसंच उचलायचं, कोणी खिळा वर आलेलं हत्यार दिवसभर दाबून धरायचं. काहींची बोटं तर रात्रीत कमी व्हायची. पहारा ठेवला, तर झोपलेल्या माणसाचं बोट उंदीर कुरतडत होता! मग नियमच झाला: घरी जाणाऱ्या रोग्यानं बरोबर मांजर न्यायची. औषधाच्या चिठ्ठीत मांजर, असं कधी ऐकलंय?

यापुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हात दुरुस्त करून घरी गेलेले काही जण तोंड पाडून परत आले. म्हणाले, "डॉक्टर, हे हात भीक मागायला निकामी आहेत. चांगला हात बघून कोणी पैसा देत नाही. आणि कुष्ठरोगी म्हणून कोणी कामही देत नाही." दुसरा कोणी म्हणाला असता, मी माझं काम केलं, पुढचं तुमचं तुम्ही बघा. ब्रँडनी झोपड्या बांधल्या, सुतारकामाची शाळा काढली, लाकडी खेळणी करायला शिकवली. पायांना जखमा होऊ नयेत म्हणून मऊ रबराच्या खास चपला तयार करून घेतल्या. सर्जन माणूस चपलांच्या मागे लागलेला!

एका तरुण रोग्याशी बोलताना त्यांनी सहज त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हुंदके द्यायला लागला. डॉक्टर घाबरले, काही चुकलं का? दुभाषी बाई म्हणाल्या, "नाही. कित्येक वर्षांत त्याला कोणी हात लावलेला नाही, म्हणून रडतोय." बायबलमध्ये अशी गोष्ट आहे की एक कुष्ठरोगी समोर आला, तेव्हा येशूनं हात पुढे करून त्याला स्पर्श केला. ब्रँड ती गोष्ट लहानपणापासून ऐकत आले होते. ती खरी मानायची तर आपला हात खिशात ठेवून कसं चालेल?

याच वेल्लोरला मेरी व्हर्गीस नावाच्या तरुण डॉक्टर होत्या, केरळच्या. 1954 साली गाडीला अपघात झाला आणि त्यांचं कमरेखालचं अंग कायमचं लुळं पडलं. चेहऱ्यावर व्रण. आता मी काय करणार, असं त्यांना वाटलं तर नवल नाही. ब्रँड त्यांना म्हणाले, हाताची शस्त्रक्रिया बसूनही करता येते! आणि मेरीबाई चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरोग्यांचे हात दुरुस्त करायला लागल्या. पुढे परदेशी जाऊन शिकल्या, आणि 1966 साली वेल्लोरला अपंगांना पुन्हा उभं करणारी संस्था सुरू झाली, तिच्या त्या प्रमुख. 1972 साली त्यांना पद्मश्री मिळाली. विचार करा, आता आपलं संपलं असं म्हणत खाटेवर पडलेल्या रोग्यापुढे डॉक्टरीणबाईच चाकावरून येतात, तेव्हा तो काय म्हणेल?

पालकांसाठी दोन शब्द. कुष्ठरोग आता गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं. उपचार सुरू झाले की थोड्याच काळात तो दुसऱ्याला लागत नाही. तो शाप नाही, पिढीजातही नाही. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथं स्पर्श कळत नसेल, तर लपवू नका, डॉक्टरांना दाखवा. अशा घरातलं मूल वर्गात असलं की "आमच्या मुलाची जागा बदला" अशी चिठ्ठी काही पालक पाठवतात. कृपा करून पाठवू नका. मुलं ती चिठ्ठी उघडून वाचतात.

आणि मुलांनो, या आठवड्याचा उद्योग: दोन्ही हातांत जाड मोजे घाला आणि जमिनीवर पडलेलं नाणं उचला, शर्टाची बटणं लावा, पाटीवर आपलं नाव लिहा. गॅसजवळ मात्र अजिबात जायचं नाही! सगळ्यात अवघड काय गेलं, ते मला पत्रानं कळवा. आईबाबांनाही करायला लावा, त्यांचीही फजिती होते.

तुमच्या बाई