एकशेवीस म्हणजे एकशेवीस

बँकेत बावीस वर्षं काढल्यावर माणसाचा देवावरचा विश्वास कमी-जास्त होतो, आकड्यावरचा होत नाही. संध्याकाळी कॅशमध्ये दहा रुपयांचा फरक निघाला, तर 'जाऊ द्या हो, एवढं चालतंय' असं आमच्याकडे कोणी म्हणत नाही. दहा रुपये सापडेपर्यंत सगळे बसतात, आणि बायका-पोरं घरी थांबतात. म्हणून कार्ब्युरेटरच्या जेटवर १२० लिहिलेलं असेल, तर तो १२०चाच असला पाहिजे, असं माझं मत आहे. इतक्या साध्या मतासाठी कोणाशी भांडावं लागू नये. मी दोन वर्षं भांडतो आहे.

ज्यांच्या गाडीतलं सगळं कॉम्प्युटर बघतो, त्या सुखी मंडळींसाठी थोडं सांगतो. जुन्या गाडीचं इंजिन हवा ओढतं. ती हवा कार्ब्युरेटरच्या चिंचोळ्या गळ्यातून जोरात जाताना पेट्रोल वर खेचते. किती पेट्रोल खेचू द्यायचं, हे ठरवतो एक पितळी स्क्रू. करंगळीच्या नखाएवढा, आणि मधे आरपार भोक. हा मेन जेट. त्याला स्लो जेट, एअर जेट, पंप जेट असे धाकटे भाऊ आहेत, पण घर थोरला चालवतो. सोलेक्स कार्ब्युरेटरच्या जेटवरचा आकडा म्हणजे त्या भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२० म्हणजे १.२० मिलिमीटर.

आता १२० आणि १२५ मध्ये फरक किती? मिलिमीटरचा विसावा भाग. नुसत्या डोळ्यांना दिसायचा नाही. पण मी बी.कॉम. झालेला असलो, तरी वर्तुळाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतं एवढं शाळेतलं लक्षात आहे. फरक होतो साडेआठ टक्के. आमच्या बँकेने मुदत ठेवीला हा दर जाहीर केला, तर रांग आवरायला पोलीस बोलवावे लागतील.

हा साडेआठ टक्क्यांचा हिशोब मी हौसेने करत बसलेलो नाही. आमची गाडी १९७५ची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. तीर्थरूपांनी १९८२ साली सेकंडहँड घेतली आणि पुढे इस्टेट म्हणून माझ्या नावे केली. ती परवापरवापर्यंत बरी चालत होती. मग २०२३पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं, आणि दोन वर्षांत सगळीकडे तेच झालं. एक किलो साध्या पेट्रोलला जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला ९ किलो पुरते. म्हणजे हवा तेवढीच असेल, तर या मिश्रणाचं इंधन आठ-नऊ टक्के जास्त लागतं. नव्या गाडीतला सेन्सर धूर हुंगतो आणि ते वाढवून देतो. आमच्या गाडीला नाक नाही, जेट आहे. सकाळी चोक ओढूनही ती खोकते, चढावर अडखळते, आणि प्लग काढून बघावा तर बिस्किटी रंगाच्या जागी खडूसारखा पांढरा. इंजिन तापतं ते वेगळंच.

यावर औषध काय? एक नंबर वरचा जेट. ११५ असेल तर १२०, १२० असेल तर १२५. दुखणं साडेआठ टक्क्यांचं आणि गोळीही साडेआठ टक्क्यांची. इतका जमलेला ताळेबंद मी नोकरीतसुद्धा क्वचित पाहिला आहे.

फक्त गोळी मिळत नाही.

मिळत नाही म्हणजे जेट मिळतात, ढिगाने मिळतात. ऑपेरा हाऊसच्या बाजूच्या स्पेअर पार्टच्या गल्ल्यांत एका दुकानदाराने मला कार्ब्युरेटरचं किट दिलं. त्यात गास्केट, निडल, वॉशर आणि जेट. जेटवर आकडाच नाही. विचारलं, "कितीचा आहे?" म्हणाला, "साहेब, फियाटचा आहे." मी म्हटलं, "नंबर?" तो म्हणाला, "फियाट." दुसऱ्या दुकानात १२५ असा ठसठशीत शिक्का असलेले तीन जेट मिळाले. टूलरूममध्ये काम करणाऱ्या मित्राकडून पिन गेज आणून मोजले. एक ११८, एक १३०, आणि तिसरा गोलच नव्हता. शिक्का तिघांवर सारखाच. असा प्रकार चेकवर केला, तर माणूस आत जातो.

मेकॅनिक मंडळींना तर शिक्क्याचीही गरज वाटत नाही. पेट्रोल कमी पडतंय? तार घालून भोक वाढवा. गाडी जास्त पिते? जेटमध्ये केबलचा एक तांब्याचा तंतू अडकवून द्या, ॲव्हरेज वाढतो. फारच बिघडलं, तर झाळून भोक बुजवा आणि नव्याने पाडा. यांच्यातले काही खरोखर हाताचे जादूगार आहेत. मी त्यांच्या पाया पडेन, पण जेट हातात देणार नाही. कारण जेट म्हणजे नुसतं भोक नव्हे. त्याच्या तोंडाचा उतार, आतल्या भिंतीचा गुळगुळीतपणा, यांवरही पेट्रोल किती जाईल ते ठरतं. एकाच व्यासाची दोन भोकं वेगवेगळं पेट्रोल सोडतात. जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींवरच्या अमल कार्ब्युरेटरवाल्यांनी म्हणूनच व्यासाचा नाद सोडला आणि मिनिटाला किती सीसी पेट्रोल वाहतं, तो आकडा जेटवर मारला. तारेने कोरलेल्या जेटवर मात्र जुना १२० तसाच मिरवत असतो. पुढचा मालक तो बघून समाधानाने झोपतो.

"अहो, या गाड्या राहिल्यात किती? मोडीत काढा आणि सुटा," असं मला आमच्या मॅनेजरसकट सगळे सांगतात. पण सरकार तसं म्हणत नाही. २०२१च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते; अट एवढीच की ती मूळ रूपात असली पाहिजे, आणि रोजच्या कामाला काढायची नाही. हे सरकार मूळ रूप मागतं, आणि बाजार मला बिननंबरी पितळ देतो. मधल्या मधे मी.

आता माझी खरी तक्रार. पेट्रोल पंपावर वैधमापनवाल्यांचं पाच लिटरचं माप असतं. गिऱ्हाइकाने मागितलं तर पंपवाल्याला मोजून दाखवावं लागतं, आणि पाच लिटरमागे पंचवीस मिलिलिटरपेक्षा जास्त फरक खपत नाही. म्हणजे अर्धा टक्का. तेच पेट्रोल गाडीत शिरून आणखी चार फूट पुढे गेलं, की दुसऱ्या तोंडातून मोजून सोडलं जातं. तिथे दहा टक्के फरक असला तरी दुकानदार म्हणतो, "फियाट." मी जास्त काही मागत नाही. जेटवर आकडा छापा आणि छापलात तर खरा छापा. ज्याला खरा छापणं जमत नाही, त्याने 'पितळी स्क्रू' म्हणून विकावा. मी पंख्याला लावीन. परवडत नाही म्हणतात, ते मला पटत नाही. युरोपात जुन्या गाड्यांचे वेबर-सोलेक्सचे जेट आजही नंबर सांगून मिळतात. आपल्याकडचे लेथवाले काय कमी आहेत? त्यांना कोणी खरं माप मागितलेलंच नाही.

आणि मापाचे जेट आपल्याकडे होते हो! मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ची. वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही गेली. त्यांतल्या कितीतरी टॅक्स्या आधीच सीएनजीवर गेल्या होत्या, म्हणजे त्यांच्या पेट्रोलच्या जेटना फारसं कामच उरलेलं नव्हतं. मूळ शिक्क्याचे, मूळ मापाचे. ते सगळं किलोच्या भावाने पितळ म्हणून वितळलं.

थोडं उरलेलं अजून कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर भंगारात सापडतं. पण तिथला नियम कडक. जेट सुटा मिळत नाही, अख्खा कार्ब्युरेटर घ्यावा लागतो, आणि विकत घेतल्याशिवाय उघडून बघू देत नाहीत. नवव्या कार्ब्युरेटरात मला एक खराखुरा १२५ मिळाला. पिन गेज असं अलगद बसलं, की मी त्याच्याकडे दोन मिनिटं नुसता बघत राहिलो. बाकीचे आठ बाल्कनीत एका ओळीत ठेवले आहेत. सौ. रोज तुळशीला पाणी घालताना ते मोजते. "अहो, आज आठच आहेत," असं मला ऑफिसला निघताना सांगते. तिला वाटतं, नववा मी बँकेत नेऊन ठेवला आहे.