खलनायकाचा हिशेब

आवडत्या कादंबरीतील पात्रे घेऊन एखाद्या वाचकानेच पुढील कथा रचावी, ती प्रकरणाप्रकरणाने प्रसिद्ध करावी आणि प्रत्येक प्रकरणानंतर इतर वाचकांनी आपली मते कळवावीत, हा लेखनप्रकार तरुण मंडळींत आता चांगलाच रुळला आहे. त्याला ‘फॅन फिक्शन’ म्हणतात. घरातील लेक रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर काय वाचत बसते, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा हेच असते. आणि कित्येक घरांत ती नुसती वाचत नसते, टोपणनावाने लिहीतही असते.

अशा मालिकांमध्ये एक पात्र हमखास भेटते, ते म्हणजे गूढ खलनायक. त्याचा चेहरा झाकलेला असतो आणि हेतू अज्ञात. प्रकरणांमागून प्रकरणे केवळ त्याची सावली दिसते. मग एके दिवशी मुखवटा उतरतो, खलनायक मारला जातो आणि लेखिकेकडे नाराजीचा ओघ सुरू होतो. खलनायक कोण हे कळले, पण तो तसा का झाला हे कळलेच नाही, अशी बहुतेकांची तक्रार असते. व्यापारी घरात वाढलेल्या मुलीला ही तक्रार समजावून सांगणे अवघड नसावे. क्रमशः कथा लिहिणारा दर आठवड्याला वाचकाच्या कुतूहलाची उचल घेत असतो. शेवटचे प्रकरण हा परतफेडीचा दिवस. त्या दिवशी मुद्दलही हाती पडले नाही, तर वाचकाने ओरड केली म्हणून त्याला दोष कसा द्यावा?

थोर लेखकही या परतफेडीत चुकलेले आहेत. आर्थर कॉनन डॉइल यांना शेरलॉक होम्सचा कंटाळा आला होता. 1893 च्या डिसेंबरात ‘स्ट्रँड’ मासिकात त्यांनी मोरियार्टी नावाचा गुन्हेगारांचा सम्राट उभा केला आणि त्याच कथेत होम्ससह त्याला स्वित्झर्लंडमधील रायशेनबाख धबधब्यात लोटून दिले. होम्स गेला म्हणून वाचकांनी मासिकाची वर्गणी बंद केली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. मोरियार्टीची उणीव मात्र फार कमी लोक बोलून दाखवितात. त्याचे अपराध होम्सच्या तोंडून ऐकावे लागतात, प्रत्यक्षात एकही दिसत नाही. तो येतो तो केवळ नायकाला घेऊन जाण्यासाठी. पुढे 1914 मध्ये सुरू झालेल्या ‘द व्हॅली ऑफ फिअर’ या क्रमशः कादंबरीत डॉइल यांनी त्याला पुन्हा आणले. तिचा काळ आधीच्या कथेपूर्वीचा धरला. परिणाम असा झाला, की पहिल्या कथेत मोरियार्टीचे नावही न ऐकलेला डॉक्टर वॉटसन या कादंबरीत त्याला चांगला ओळखतो! बाकी राहिलेली रक्कम मागाहून वहीत घुसडली, की अशी खाडाखोड दिसतेच.

कथेतील दुष्टाविषयी श्रोत्याने शंका घ्यावी आणि त्या शंकेतून कथाच नव्याने सांगितली जावी, याचे फार जुने उदाहरण जैन वाङ्मयात आहे. पुराणग्रंथाला मनोरंजनाच्या लेखनाशेजारी बसविणे कित्येकांना रुचणार नाही, आणि ते योग्यही नाही. येथे साम्य आहे ते श्रोत्याच्या प्रश्नापुरते.

आचार्य विमलसूरींचे ‘पउमचरिय’ महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे मराठीच्या पूर्वज भाषेत, रचलेले आहे. त्याच्या आरंभी राजगृहाचा राजा श्रेणिक लोकांत प्रचलित असलेल्या रामकथेविषयी अस्वस्थ होतो. रावणासारखा पराक्रमी व कुलीन पुरुष मांसभक्षक राक्षस कसा असेल? कुंभकर्ण सहा महिने झोपतो, कानात तेल ओतले तरी जागा होत नाही, हे कसे संभवते? वानरांनी बलाढ्य राक्षसांना कसे जिंकले? रात्रभर हे प्रश्न त्याला सोडीत नाहीत. दुसऱ्या दिवशी तो गौतम गणधरांकडे जातो आणि विचारतो. श्रेणिक हा काही रामकथेचा निंदक नव्हे. कथा मनाला भिडली म्हणूनच तिच्यातील विसंगती त्याला टोचते.

गौतमस्वामी जी कथा सांगतात तीत रावण विद्याधर वंशातील राजा आहे. त्याला दहा मुखे नाहीत. बालपणी गळ्यात घातलेल्या हारातील रत्नांत मुखाची नऊ प्रतिबिंबे दिसली म्हणून तो दशमुख. तो जिनभक्त आहे, विद्वान आहे. जी स्त्री आपल्याला इच्छीत नाही तिच्यावर बळजबरी करणार नाही, असे व्रत त्याने अनंतवीर्य केवलींसमोर घेतले आहे आणि सीता लंकेत असताना ते पाळलेही आहे. युद्धाच्या ऐन भरात सीतेची दशा पाहून त्याला पश्चात्ताप होतो. तिला परत पाठवावे असे मनात येते. पण आताच पाठविली तर जग दुर्बल म्हणेल, म्हणून आधी राम-लक्ष्मणांना जिंकावे आणि मग सन्मानाने परत करावे, असे तो ठरवितो. नावाला बट्टा लागू नये या एका विचाराने हातची वेळ निघून जाते. दुसऱ्याच दिवशी त्याने फेकलेले चक्र लक्ष्मणाच्या हाती स्थिरावते आणि त्याच चक्राने रावणाचा अंत होतो.

साधी गोष्ट येथे संपली असती. या ग्रंथात रावणवधानंतरही तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग उरतो, आणि मूळ कोडे त्या उरलेल्या भागात उलगडते. विचारणारा आहे बिभीषण, म्हणजे खलनायकाचा सख्खा भाऊ. एवढ्या ज्ञानी माणसाने परस्त्रीचे हरण केलेच कसे, हा प्रश्न त्याला भावाच्या मृत्यूनंतरही सुटलेला नाही. तो सकलभूषण केवलींना विचारतो, आणि उत्तर लंकेत किंवा अयोध्येत सापडत नाही. ते सापडते एका वाण्याच्या घरात.

पूर्वीच्या एका भवात नयदत्त नावाच्या व्यापाऱ्याला धनदत्त आणि वसुदत्त असे दोन पुत्र होते. सागरदत्त या दुसऱ्या व्यापाऱ्याची कन्या गुणवती धनदत्ताला देण्याचे ठरले. परंतु गावात श्रीकांत नावाचा अधिक श्रीमंत वर होता, आणि मुलीची आई रत्नप्रभा धनाच्या लोभाने त्याच्याकडे झुकली. वसुदत्ताला संताप आवरला नाही. त्याने श्रीकांतावर शस्त्र चालविले आणि त्या झटापटीत दोघेही मेले. धनदत्त पुढे राम झाला, वसुदत्त लक्ष्मण, गुणवती सीता आणि श्रीकांत रावण. मधल्या भवांत ते दोघे हरीण होऊन एका हरिणीसाठीही लढले. लंकेचे युद्ध ज्या ठिणगीतून पेटले ती ठरलेली सोयरीक पैशासाठी फिरविण्याची होती.

ही कथा ऐकताना आपल्या समाजातील श्रोत्याला स्वतःच्या घरचे एखादे जुने प्रकरण आठवले नाही, तर नवल. शब्द दिला होता, पुढे अधिक मोठे स्थळ आले, आणि दोन घरांत पिढ्यान्‌पिढ्या येणे-जाणे तुटले. कोणत्याही गावाच्या बाजारपेठेत असे एक तरी उदाहरण असते.

नायिकेचाही हिशेब ग्रंथकार सोडीत नाही. वेदवती नावाच्या भवात सीतेने एका निर्दोष मुनींविषयी लोकांत खोटी कुजबूज पसरविली होती, म्हणून सीतेच्या वाट्याला लोकापवाद आला. त्याच भवात शंभू नावाच्या राजाने, म्हणजे पुढच्या रावणाने, वेदवतीच्या पित्याला ठार करून तिच्यावर बळजबरी केली, आणि तुझ्या नाशाला मीच कारण होईन असे तिने मनाशी बांधले. रावणाच्या व्रताकडे हे वाचल्यावर पुन्हा एकदा पाहावेसे वाटते.

रविषेणाचार्यांनी वीरनिर्वाणानंतर सुमारे 1203 वर्षांनी संस्कृत ‘पद्मपुराण’ रचले, तेव्हा हाच क्रम राखला. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांच्या ‘त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रा’तही ही पूर्वभवांची साखळी आहे. दिगंबर असो की श्वेतांबर, कोणत्याही घरच्या पोथीत ती सापडेल. क्रमशः कथा लिहिणाऱ्या मुलीने ती आजीकडून एकदा जरूर ऐकावी. तिच्याकडे येणाऱ्या मतांत श्रेणिकाचा प्रश्न असेल, हे घडूच कसे शकते. बिभीषणाचा प्रश्न असेल, त्याने हे का केले. या दोहोंना उत्तर देणे लेखकाला चुकत नाही. तिसरीही एक मागणी नेहमी येते, खलनायकाला याहून कठोर शिक्षा हवी होती. ती पुरविलीच पाहिजे असे नाही.

त्या मागणीवर हेमचंद्राचार्यांनी रंगविलेला प्रसंग असा. सीतेचा जीव स्वर्गात इंद्रपदी आहे. तो नरकात उतरतो. तेथे रावण, लक्ष्मण आणि शंबूक जुन्या वैराने अजूनही झुंजत आहेत. सीतेचा जीव त्यांना मागचे सर्व सांगतो आणि वैर शमवितो. पुढे कधीतरी रावण तीर्थंकर होणार आणि सीता त्याची गणधर, हेही ठरलेलेच आहे. पण करुणेने तो तिघांना आताच उचलून बाहेर काढू पाहतो, तेव्हा त्यांची शरीरे पाऱ्यासारखी कणाकणांनी हातातून निसटतात. पुन्हा उचलतो, पुन्हा निसटतात. अखेर तेच त्याला विनवितात, की उचलल्याने वेदना अधिकच होतात, आम्हांला येथेच राहू दे आणि तू स्वर्गात परत जा.