विश्लेषण : शत्रूच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवणे इतके अवघड का? अंजदीव, कॉक्स बझार आणि तैवानचा धडा

तैवानवर चीन समुद्रमार्गे चढाई करू शकेल का, ही चर्चा गेली काही वर्षे सतत सुरू आहे. मुंबईच्या समुद्रापासून जवळपास सहाशे किलोमीटर आत असलेल्या अकोला-अमरावतीला हा विषय दूरचा वाटेल. मात्र अशा मोहिमा का फसतात, हे काळ्या मातीत वावरणाऱ्यांना चटकन समजू शकते.

खरी अडचण कुठे?

पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात पावसाळ्यात ट्रॅक्टर रुतला, की इंजिन कितीही ताकदीचे असले तरी उपयोग होत नाही. खालची जमीन वजन पेलणारी हवी. किनाऱ्यावरही नेमके हेच घडते. उतार किती, वाळूखाली चिखल आहे का, भरती-ओहोटी कधी, मध्ये वाळूचा दांडा आहे का, हे आधी कळले नाही तर जहाज अलीकडेच अडकते आणि जवानांना खोल पाण्यात उड्या घ्याव्या लागतात. त्या वेळी त्यांना आडोसा नसतो, तोफा अजून जहाजावर असतात आणि माघारी फिरायला जागा नसते. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीत दीड लाखांहून अधिक सैनिक उतरले. ती मोहीमही खराब हवामानामुळे एक दिवस पुढे ढकलावी लागली होती.

एकच आठवडा, दोन निकाल

ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबईहून भारतीय सैन्याच्या दोन मोहिमा निघाल्या. पूर्व आफ्रिकेतील टांगा येथे सुमारे आठ हजारांची फौज उतरली. मात्र हल्ल्याची पूर्वसूचना शत्रूला मिळाली होती, किनाऱ्याची नीट पाहणी झाली नव्हती आणि जवान दीर्घ सागरी प्रवासाने थकलेले होते. जर्मन सेनानी लेटो-फोरबेक यांनी रेल्वेने कुमक आणली. संख्येने कितीतरी मोठी असूनही ही फौज दारूगोळा मागे टाकून ५ नोव्हेंबरला परतली. दुसऱ्याच दिवशी इराकच्या फाव येथे १६ वी ब्रिगेड उतरली. तिच्यात ‘११७ मराठा’ ही पलटण होती. समोरची तुर्की तुकडी लहान होती, युद्धनौकेच्या तोफांनी ती आधीच खिळखिळी केली आणि किल्ला त्याच दिवशी हाती आला. फरक शौर्याचा नव्हता. तो तयारीचा आणि समोरच्या बचावाचा होता.

अंजदीववर काय घडले?

कारवारजवळचे अंजदीव बेट पोर्तुगीजांकडे होते. नोव्हेंबर १९६१ मध्ये तेथून ‘साबरमती’ या प्रवासी जहाजावर गोळीबार झाला. १८ डिसेंबरला ‘ऑपरेशन विजय’ सुरू होताच ‘म्हैसूर’ आणि ‘त्रिशूल’ या युद्धनौकांवर हे बेट घेण्याची जबाबदारी आली. नौदलाकडे उतरण्यासाठी वेगळे दल नव्हते, त्यामुळे नौसैनिकांचीच तुकडी पाठवण्यात आली. बेटावरून तिच्यावर गोळीबार झाला आणि सात नौसैनिक शहीद झाले. नौकांच्या तोफांनी मारा केल्यावर दुसऱ्या दिवशी बेट ताब्यात आले. गोव्याच्या मुक्तीसाठी नौदलाने मोजलेली ही किंमत एका छोट्या बेटावरची आहे.

कॉक्स बझारमध्ये शत्रूच नव्हता, तरी...

डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानी सैनिकांनी ब्रह्मदेशाकडे पळू नये म्हणून कॉक्स बझारला गुरखा जवान उतरवण्याचे ठरले. त्यांना समुद्रातून उतरण्याचा सराव नव्हता. किनाऱ्याच्या उताराचा अंदाज चुकला. ‘घडियाल’ हे जहाज वाळूच्या दांड्याला टेकले, पण पुढे खोल पाणी होते. दोन जवान बुडाले. उरलेल्यांना स्थानिक होड्यांमधून किनाऱ्यावर न्यावे लागले. प्रत्यक्षात तेथे पाकिस्तानी फौज नव्हतीच. गोळी न झाडताही अशी मोहीम जीव घेऊ शकते, हा त्यातला धडा.

आज भारताकडे काय आहे?

अमेरिकेकडून घेतलेली ‘जलाश्व’ ही युद्धनौका २००७ मध्ये दाखल झाली. ती सुमारे एक हजार जवान वाहून नेऊ शकते. मे २०२० मध्ये करोनाकाळात मालदीवमधील भारतीयांना तिनेच मायदेशी आणले. या वर्गाची नौदलाकडे ही एकमेव नौका आहे. अशा आणखी नौका घेण्याचा प्रस्ताव अनेक वर्षे रेंगाळला. ऑक्टोबर २०२५ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने त्याला प्राथमिक मंजुरी दिली. अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीपच्या रक्षणासाठी, तसेच आपत्तीतील मदतीसाठी त्या लागतील.

तैवानचा प्रश्न आणि वऱ्हाड

तैवानची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी सुमारे १३० किलोमीटर रुंद आहे. रणगाडे उतरवता येतील असे किनारे मोजकेच आहेत. २०२५ मध्ये चीनने पायांवर उभे राहणारे, एकमेकांना जोडून तात्पुरता धक्का तयार करणारे तराफे आणले. त्यांचा उद्देश उघड आहे : किनाऱ्याची अडचण टाळणे. मात्र असा धक्का स्थिर असतो आणि स्थिर लक्ष्यावर नेम धरणे सोपे.

युद्ध पेटले तर झळ वऱ्हाडातही पोहोचेल. देशाला लागणारे पोटॅश पूर्णपणे आयात होते, डीएपीचाही मोठा भाग समुद्रमार्गेच येतो. जहाजांचे भाडे आणि विमा वाढला, की पेरणीच्या तोंडावर खताच्या गोणीची टंचाई आणि किंमत दोन्ही डोके वर काढतात. किनाऱ्यावरची लढाई जिथे कुठे होईल, तिचा हिशेब कापूस-सोयाबीनच्या शेतालाही चुकता करावा लागेल.