पूर गोदेचा, तोटा गरिबाचा

2008, 2016 आणि 2019 साली गोदावरीने नाशिकचा काठ बुडविला. दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी पाणी आले की त्याची बातमी होते. पण आमचा प्रश्न पूर ओसरल्यानंतरचा आहे. चिखल उपसणाऱ्याचे नुकसान कोण भरून देणार?

रिक्षावाला म्हणतो, ‘विमा आहे ना!’ पण 1988 च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केला तो थर्ड पार्टी विमा. तो दुसऱ्याची हानी भरतो, पुरात बुडालेली आपली रिक्षा नव्हे. त्यासाठी सर्वंकष विमा हवा. तोही असला, पण पाण्यातच गाडी चालू करून इंजिन बसले, तर इंजिनाचे जादा संरक्षण घेतल्याशिवाय कंपनी सहसा हात वर करते.

घरासाठी एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आली. तीत पूर धरला आहे. जागेची किंमत आणि देखभालीअभावी होणारी पडझड मात्र धरलेली नाही. नदीकाठच्या झोपडीपर्यंत ती पोहोचविणार कोण?

विमा ही राज्याची मक्तेदारी असावी, प्रत्येक प्रौढ नागरिकाला वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, असे बाबासाहेबांनी 1947 मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये मांडले. संरक्षण हा त्यांच्या लेखी हक्क होता, बाजारातला माल नव्हे. म्हणून पूररेषेतील वस्त्यांचा विमा सरकारनेच उतरवावा, ही आमची मागणी आहे. तोवर बांधवांनो, हप्ता भरण्यापूर्वी ‘काय मिळणार नाही’ ते पान आधी वाचून घ्या!