टिकाऊ कशाला म्हणायचं?

दिवाळीची सुट्टी लागली की आपल्या भागातल्या गाड्या आंबोली घाट उतरायला लागतात. पूर्वी मालवणला जायचं म्हणजे सिंधुदुर्ग किल्ला बघायचा, माशाचं ताट जेवायचं आणि परत यायचं. आता पोरं तारकर्लीला पाठीवर सिलिंडर बांधून पाण्याखाली मासे बघून येतात. कारवारच्या खाली मुरुडेश्वरला गेलेली मंडळी होडीने नेत्राणी बेटापर्यंत जाऊन समुद्रात उतरतात. हौस म्हणून आलेला हा खेळ काहींचा पोटाचा धंदाही झाला आहे.

आमच्या अक्काचा मुलगा त्यातलाच. अक्का गोकाकला कन्नड घरात दिलेली. पोरगा मला मामा म्हणतो, आईला अव्वा म्हणतो आणि पाहुण्यांशी दोन्ही भाषांत बोलतो. स्कुबाचं शिक्षण घेऊन तो या हंगामापासून पर्यटकांना पाण्यात नेणार. त्यासाठी त्याला स्वतःचा रेग्युलेटर हवा होता. कोणी तरी जुना, निम्म्या किमतीत देत होतं. अक्काचा फोन आला, "तम्मा, तुझं आयुष्य उद्यमबागेत सीलं बदलण्यात गेलं. जुनं घेतलं तर चालतं का रे?"

मी समुद्रात गुडघ्याच्या वर कधी उतरलेलो नाही. पण दाबाखाली चालणारी यंत्रं आयुष्यभर हाताळली. त्यामुळे भाच्याच्या प्रशिक्षकांना विचारलं, कंपन्यांच्या पुस्तिका वाचल्या आणि मग उत्तर दिलं. वाचकहो, तेच इथे मांडतो.

आपल्या गॅसच्या शेगडीला रेग्युलेटर असतो, तसंच हे काम. गाडीच्या चाकात दोन-सव्वादोन बार दाब असतो, तर भरलेल्या स्कुबा सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार. ती हवा थेट तोंडात घेता येत नाही. सिलिंडरवर बसणारा पहिला टप्पा हा दाब भोवतालच्या पाण्यापेक्षा साधारण ९-१० बार जास्त इतक्यावर आणतो. तोंडात धरायचा दुसरा टप्पा श्वास ओढताच पाण्याच्या दाबाइतकीच हवा देतो. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब एका बारने वाढतो, म्हणून हा हिशेब यंत्रालाच करावा लागतो. १९४३ साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि इंजिनिअर एमिल गान्यां यांनी हे जमवलं. युद्धात पेट्रोलची टंचाई होती आणि मोटारी गॅसवर चालवण्यासाठी गान्यांनी एक व्हॉल्व्ह केला होता, त्यातून ही कल्पना निघाली.

आता निवड. पहिल्या टप्प्याचे दोन प्रकार. पिस्टनचा साधा, कमी भागांचा. पण त्यात समुद्राचं पाणी स्प्रिंगपर्यंत जातं आणि सोबत मीठ आणि बारीक रेतीही. डायफ्रामच्या प्रकारात भाग जास्त, पण पडद्यामुळे आतलं यंत्र पाण्यापासून वेगळं राहतं. सीलबंद प्रकारात स्प्रिंगलाही पाणी लागत नाही. आपल्या किनाऱ्यावर पाणी गढूळ असतं, रेती उठते. रोज उतरणाऱ्याला सीलबंद डायफ्राम बरा. शिवाय तो 'बॅलन्स्ड' असावा, म्हणजे सिलिंडर रिकामा होत आला तरी श्वास जड होत नाही. सिलिंडरला जोडायच्या पद्धतीही दोन आहेत, योक आणि डिन. आपण जिथे उतरणार तिथले सिलिंडर कसे आहेत ते आधी बघावं.

पण टिकाऊपणाचा खरा मुद्दा पुढेच आहे. क्रोम चढवलेली पितळेची बॉडी वर्षानुवर्षं टिकते. झिजतात ते ओ-रिंग, व्हॉल्व्हची सीट, नळ्या आणि तोंडातलं रबर. म्हणून बहुतेक कंपन्या दर वर्षी तपासणी सांगतात आणि ठरावीक मुदतीने आतले भाग बदलायला लावतात. तेव्हा दुकानात पहिला प्रश्न किमतीचा नको. याचे सुटे भाग कुठे मिळतात आणि कंपनीचं प्रशिक्षण घेतलेला कोण माणूस ते बसवतो, हे विचारावं. ज्याची दुरुस्ती जवळपास होत नाही तो कितीही महाग असला तरी टिकाऊ नव्हे.

जुना घ्यायचाच तर सर्व्हिसचा खर्च किमतीत मिळवून हिशेब करावा. हवा आत येते तिथली बारीक जाळी बघावी. ती हिरवी पडली असेल तर आत पाणी गेलेलं असतं. तांबूस असेल तर सिलिंडरचा गंज आलेला असतो. नळ्या टोकाशी वाकवून भेगा बघाव्यात. भाच्यासाठी बघितलेल्या त्या जुन्याची जाळी हिरवी होती आणि सर्व्हिसची एकही नोंद नव्हती. मी नको म्हटलं.

उद्यमबागेतल्या माझ्या सोबत्यांना एक विनंती. ओ-रिंग आपल्याकडे हवी तितकी मिळते, म्हणून ती इथे बसवू नका. माप जुळलं तरी रबर तेच असेल असं नाही. मशिनचं तेल किंवा ग्रीस तर अजिबात नको; कंपनी सांगेल तेवढंच वंगण. आपल्याकडे सील गेलं तर प्रेस थांबतो. तिथे माणूस थांबतो.

निगा मात्र घरात जमते. समुद्रातून आल्यावर टोपी कोरडी करून घट्ट लावायची आणि रेग्युलेटर गोड्या पाण्यात भिजवायचा. सिलिंडरला जोडलेला नसेल तर पाण्यात असताना मधलं बटण दाबायचं नाही, नाही तर पाणी आत शिरतं. सावलीत वाळवायचा, नळी मुडपायची नाही आणि उन्हात गाडीच्या डिकीत ठेवायचा नाही.

अक्काने भिशीचे पैसे दिले आणि नवा घेतला. त्याच्या केंद्रात ज्याचे भाग मिळतात तोच. त्याला एक जादा, बहुधा पिवळा असतो तसा, तोंडाचा भाग आहे. हवा संपलेल्या जोडीदाराला द्यायचा तो. अक्काला मी एवढंच सांगितलं, की यातून तुझाच मुलगा श्वास घेईल असं नाही, कधी दुसऱ्याचाही घेईल.

म्हणून सुट्टीत मुलांना पाण्यात सोडण्याआधी केंद्रावर जरूर विचारा. मालवणला विचारा, "रेग्युलेटरची सर्व्हिस कधी केली?" मुरुडेश्वरला विचारा, "सर्व्हिस यावाग माडिसिद्री?" चांगला माणूस रागावणार नाही, वही काढून दाखवेल. आपण त्याला श्वास म्हणा किंवा उसिरु म्हणा, पाण्याखाली तो एका रबराच्या चकतीवर चालतो.